साडेसहा डॉलरचा तंटा

अमेरिकेतल्या रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागण्याचा हक्क 'हिपा' कायद्याने १९९६ साली दिला, असे ढोबळपणे सांगितले जाते. तारखा लावून पाहिल्या तर हे विधान टिकत नाही. २१ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या त्या कायद्याचा मुख्य विषय होता नोकरी बदलली तरी आरोग्यविमा कसा टिकेल हा. नोंदींच्या गोपनीयतेबाबत काँग्रेसने स्वतःलाच तीन वर्षांची मुदत घालून घेतली आणि ती पाळली नाही, म्हणून काम आरोग्य खात्याच्या अंगावर आले. खात्याने नोव्हेंबर १९९९ मध्ये मसुदा काढला, त्यावर ५२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, डिसेंबर २००० मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाला, २००२ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या आणि १४ एप्रिल २००३ पासून तो पाळणे बहुतेक सगळ्या रुग्णालयांना भाग पडले. या नियमात प्रत मिळण्याचा हक्क थोडक्या शब्दांत सांगितला आहे. पण पुढच्या वीस वर्षांत त्या हक्काबद्दल कुणी फारसे भांडले नाही. भांडण झाले ते त्याच नियमातल्या एका पोटकलमावर, प्रतीसाठी पैसे किती घ्यायचे ते सांगणाऱ्या. माझ्या मते रुग्णाच्या या हक्काचा खरा इतिहास त्या पोटकलमाचाच आहे. हक्क आहे की नाही हे कायद्याच्या घोषणेवरून ठरत नाही. कोणता खर्च रुग्णाच्या माथी मारायचा आणि कोणता रुग्णालयाने सोसायचा, या हिशेबात ते ठरते.

हा हिशेब १९९६ च्या बराच आधी मांडून झाला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद डॉक्टरचा, शाई डॉक्टरची, म्हणून नोंदही डॉक्टरची, हा समज अमेरिकेत सर्वमान्य होता. रुग्णाने फाइल मागणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे, असेच मानले जाई. १९७३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बड शेंकिन आणि डेव्हिड वॉर्नर यांनी लेख लिहून सुचवले की, प्रत्येक रुग्णाला त्याच्या नोंदींची पूर्ण, काटछाट न केलेली प्रत मागणीची वाट न बघता द्यावी आणि तसा कायदाच करावा. त्याच वर्षी सरकारी खात्यांच्या संगणकांत साठत चाललेल्या माहितीविषयी आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या समितीचा अहवाल आला आणि त्यातून १९७४ चा प्रायव्हसी कायदा जन्मला. तो फक्त केंद्र सरकारच्या नोंदींना लागू होता. खाजगी रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर होती. तरीही त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. नागरिकाकडून प्रत काढण्याचे पैसे घेता येतील, पण नोंद शोधण्याचे आणि तपासण्याचे पैसे त्यात धरता येणार नाहीत, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली या एका वाक्यात आहे. कारण झेरॉक्सचा खर्च कुणीही मोजून दाखवू शकतो; शोधण्याचा खर्च मात्र शोधणारा सांगेल तो. जितका कारभार ढिसाळ, तितका शोध लांबणार आणि तितकी रुग्णाची पावती फुगणार. स्वतःच्या अव्यवस्थेची भरपाई रुग्णालयाने रुग्णाकडून घ्यावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. नोंद जागेवर सापडावी अशी ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. पुढच्या वेळी तोच रुग्ण आजारी होऊन आला तर डॉक्टरला ती फाइल शोधावीच लागते आणि त्या शोधाचे वेगळे बिल कुणी लावत नाही.

खाजगी रुग्णालयांबाबत मधली वीस-तीस वर्षे राज्याराज्यांच्या कायद्यांत गेली, आणि तिथे एकवाक्यता अशी कधीच नव्हती. न्यूयॉर्कने कमाल दर पानाला ७५ सेंट ठेवला आणि पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून रुग्णाला प्रत नाकारता येणार नाही, अशी चांगली तरतूद केली. कॅलिफोर्नियात दर पानाला २५ सेंट. केंटकीने तर पहिली प्रत रुग्णाला फुकट देऊन टाकली आणि पुढच्या प्रतीला पानाला एक डॉलरपर्यंतची मुभा ठेवली. हे आकडे लहान वाटतात, पण कर्करोगाच्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची फाइल शेकडो पानांची असते. शिवाय दर पानावर असला की फाइल जितकी जाड तितका माणूस अधिक आजारी, आणि जितका अधिक आजारी तितके त्याच्याकडून अधिक पैसे, असा उलटा न्याय होतो. २००३ च्या केंद्रीय नियमाने या विस्कळीत व्यवस्थेवर एक तळ घातला: रुग्णाकडून 'वाजवी आणि खर्चावर आधारित' शुल्कच घ्यावे, त्यात प्रत काढण्याचे साहित्य आणि मजुरी, टपालखर्च आणि रुग्णाने स्वतःहून सारांश मागितला असेल तर त्याचा खर्च, एवढेच धरावे. शोधण्याचे पैसे घेता येणार नाहीत, हे खात्याने नियमासोबतच्या निवेदनात सांगितले. राज्याचा दर यापेक्षा जास्त असेल तर केंद्राचा नियम चालेल आणि राज्याचा कायदा रुग्णाला अधिक सवलत देत असेल तर राज्याचा चालेल, अशी रचना होती. कागदावर ती निर्दोष होती.

व्यवहारात ती का ढासळली हे कळायला त्या काळात रुग्णालयांच्या तळघरांत काय घडत होते ते पाहावे लागते. नोंदी देण्याचे काम बहुतेक मोठ्या रुग्णालयांनी बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवले होते. या कंपन्यांची माणसे रुग्णालयातच बसत, मागणी-अर्ज तपासत, संमतीची सही पडताळत, फाइल काढत, प्रत पाठवत. अनेक ठिकाणी रुग्णालयाला या सेवेचा खर्च जवळजवळ पडतच नसे, कारण कंपनी आपले पैसे मागणाऱ्याकडून वसूल करी. दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी प्रत हवी असेल तर ती सहसा फुकट जाई. रुग्णाला केंद्राच्या नियमाने स्वस्त द्यावी लागे. आणि या दोन्हींची तूट वकील आणि विमा कंपन्या यांच्याकडून राज्याच्या चढ्या दराने भरून निघे. म्हणजे सगळा धंदा एका गोष्टीवर उभा होता: मागणी रुग्णाची की तिऱ्हाइताची? एकच फाइल, एकच क्लार्क, तेच काम. पण अर्जावर सही कुणाची आणि प्रत कुणाच्या पत्त्यावर जाते यावरून किंमत कितीतरी पटींनी बदले.

या नाजूक जागेवर काँग्रेसने २००९ मध्ये बोट ठेवले. मंदीतून अर्थव्यवस्था बाहेर काढण्यासाठी केलेल्या मोठ्या कायद्यात, १७ फेब्रुवारीला, 'हायटेक' नावाचा भाग होता. रुग्णालयांनी कागद सोडून संगणकीय नोंदी ठेवाव्यात म्हणून त्यात सरकारने अब्जावधी डॉलर ओतले आणि त्या बदल्यात रुग्णाला दोन गोष्टी दिल्या: संगणकीय नोंद असेल तर तिची प्रत संगणकीय स्वरूपातच मागता येईल, आणि ती आपण सांगू त्या माणसाला थेट पाठवायला सांगता येईल. शुल्क मजुरीच्या खर्चापेक्षा अधिक नसावे. आरोग्य खात्याने जानेवारी २०१३ च्या सर्वंकष नियमात हा दुसरा हक्क कागदी नोंदींनाही लावला. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तीन गोष्टी ठणकावल्या. संगणकीय नोंदीला पानामागे दर लावता येणार नाही. खर्च मोजण्याची कटकट नको असेल तर साडेसहा डॉलरची सरसकट रक्कम घ्यावी. आणि रुग्णाने प्रत तिऱ्हाइताला पाठवायला सांगितली तरीही दर रुग्णाचाच. गवगवा झाला तो साडेसहा डॉलरच्या आकड्याचा. इतका की मे महिन्यात खात्याला खुलासा करावा लागला की ही कमाल मर्यादा नसून एक पर्याय आहे. पण कंपन्यांच्या मुळावर आली ती तिसरी गोष्ट. वकिलांनी आपल्या अशिलांकडून संमतिपत्राऐवजी 'माझी प्रत वकिलाला पाठवा' असे सांगणारे रुग्णाचे निर्देशपत्र घ्यायला सुरुवात केली आणि शेकडो डॉलरची फाइल त्यांना साडेसहा डॉलरमध्ये मिळू लागली.

सामान्य रुग्णाच्या वाट्याला मात्र तेव्हाही काय येत होते, याचा पुरावा दोन वर्षांतच हाती आला. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात एकाच मागणीसाठी पाचशेहून अधिक डॉलर आकारले गेलेले रुग्ण आहेत. पीडीएफ स्वरूपातल्या नोंदीला १४८ डॉलर मोजलेली एक रुग्ण आहे. आणि नियमात मनाई असतानाही फाइल काढून देण्याचे पैसे लावले गेलेली आणखी एक आहे. आकडा ऐकून मागणीच मागे घेतलेले रुग्णही त्यात भेटतात. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २९ राज्यांतल्या ८३ नामांकित रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. दोनशे पानांच्या नोंदीसाठी सांगितलेली किंमत काही ठिकाणी शून्य, तर एका ठिकाणी ५४१ डॉलर ५० सेंट होती, आणि ४८ रुग्णालयांचा दर साडेसहा डॉलरपेक्षा जास्त होता. ही देशातली सर्वोत्तम मानली जाणारी रुग्णालये होती. त्यांना नियम ठाऊक नव्हता असे म्हणायला जागा नाही. 'वाजवी' हा शब्द पंधरा वर्षे नियमात होता आणि त्या पंधरा वर्षांत शून्य ते ५४१ हा सगळा पल्ला त्याच्या पोटात मावत राहिला. आकड्याविना किंवा खर्चाच्या नेमक्या व्याख्येविना शुल्काची मर्यादा म्हणजे मर्यादाच नाही, असे मी म्हणतो ते याच पुराव्यावर.

यावर कंपन्यांची बाजू काय आहे, तीही नीट ऐकली पाहिजे. नोंदी देणाऱ्या कंपन्यांपैकी सर्वांत मोठी, जॉर्जियातली सायऑक्स हेल्थ, जानेवारी २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात गेली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: कामाचा खर्च खरा आहे. फाइल चुकीच्या माणसाच्या हाती गेली तर शिक्षा आम्हाला होते, म्हणून प्रत्येक पान तपासावे लागते. मानसिक आजार, व्यसनमुक्ती, एचआयव्ही यांच्या नोंदींना वेगळे कायदे आहेत. हा खर्च रुग्णाच्या नावाखाली वकिलांच्या धंद्याला अनुदान म्हणून का द्यायचा? यातले पहिले अर्धे मला मान्य आहे. गावातल्या एकट्या डॉक्टरच्या कागदी फायली शोधून, झेरॉक्स करून द्यायला वेळ जातो आणि त्या वेळेला किंमत आहे. पण काम करावे लागते म्हणून त्याचे पैसे रुग्णानेच द्यावेत, हे त्यातून निघत नाही. गोपनीयता जपण्याची तपासणी हे रुग्णालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते पार पाडण्याची किंमत ज्याचे रक्षण करायचे त्याच्याकडून मागणे म्हणजे पहारेकऱ्याचा पगार बँकेने प्रत्येक भेटीच्या वेळी खातेदाराकडून घेण्यासारखे आहे.

वकिलांविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि न्यायालयात टिकला तो त्याच्या जवळचाच. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी निकाल दिला. काँग्रेसने तिऱ्हाइताला प्रत पाठवण्याचा हक्क फक्त संगणकीय नोंदींपुरता दिला होता, त्यामुळे २०१३ मध्ये खात्याने तो कागदापर्यंत ताणला हे अधिकाराबाहेरचे ठरले. आणि तिऱ्हाइताकडे जाणाऱ्या प्रतीलाही रुग्णाचा दर लावणे हा नवा नियम होता. तो जनतेच्या सूचना-हरकती न मागवता केवळ मार्गदर्शक सूचनेतून लादता येत नाही, म्हणून तोही रद्द झाला. रुग्ण स्वतःसाठी प्रत मागतो तेव्हाची मर्यादा आणि शोधण्याचे पैसे न घेण्याचे बंधन मात्र कायम राहिले. कायद्याच्या दृष्टीने या निकालात खोट काढणे कठीण आहे. मंत्रालयाने पत्रकातून कायदा करू नये, हे तत्त्व आपण आपल्या बाजूचा निकाल लागतो तेव्हाच पाळायचे नसते. परंतु परिणाम काय झाला? धडधाकट रुग्ण स्वतःच्या दराने प्रत घेऊन ती वकिलाला देऊ शकतो. त्याला काहीच अडत नाही. अडते ते अंथरुणाला खिळलेल्याचे, संगणक न वापरणाऱ्या म्हातारीचे, मेंदूला इजा झालेल्याचे, ज्यांची फाइल दुसऱ्या कुणीतरी मागावी लागते त्यांचे. वकिलांना अडवण्यासाठीची भिंत सर्वांत दुबळ्या रुग्णासमोर उभी राहिली.

शिवाय रुग्णाला प्रत खटल्यासाठी हवी असेल तर त्याचा हक्क कमी कसा होतो? युरोपात हाच प्रश्न एका जर्मन दंतवैद्याच्या प्रकरणात आला. रुग्णाला उपचारातल्या चुकीबद्दल दावा करायचा होता. दंतवैद्य म्हणाला, खर्च दिलास तरच प्रत देईन, आणि जर्मन नागरी संहिता तसे म्हणतही होती. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की पहिली प्रत विनामूल्य द्यावीच लागेल, कारण विचारता येणार नाही, आणि डॉक्टरच्या आर्थिक हिताचा विचार करून देशांतर्गत कायद्याला हा खर्च रुग्णावर टाकता येणार नाही. ब्रिटनमध्ये कागदी आरोग्यनोंदींना २०१८ पर्यंत ५० पौंडांची कमाल मर्यादा होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात नवे माहितीसंरक्षण नियम आल्यावर सर्वसाधारण मागणीला शून्य शुल्क झाले. तिथली रुग्णालये त्यामुळे बुडाली नाहीत.

फुकट दिले की मागण्यांचा पूर येईल, ही भीती मात्र वारंवार ऐकू येते. अमेरिकेतच बोस्टन, पेन्सिल्व्हेनिया आणि सिअॅटल इथल्या तीन संस्थांत २०१० पासून वर्षभर १०५ डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना संगणकावर खुली केली होती. कामाचा बोजा वाढेल, रुग्ण घाबरतील, असे सुरुवातीला अनेकांना वाटत होते. प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी एकानेही तो बंद करण्याचा पर्याय निवडला नाही. पुढे डिसेंबर २०१६ च्या 'क्युअर्स' या केंद्रीय कायद्याखालचे नियम एप्रिल २०२१ मध्ये लागू झाले आणि रुग्ण स्वतः इंटरनेटवरून, कुणाच्या हातच्या श्रमाशिवाय, आपली नोंद पाहतो तेव्हा त्याचे पैसे घेणे अमेरिकेत गैर ठरले. म्हणजे संगणकाच्या पडद्यापुरता हा वाद जवळजवळ मिटला. उरला तो जुन्या कागदांचा, क्ष-किरण चित्रांचा, बंद पडलेल्या दवाखान्यांच्या फायलींचा. अंमलबजावणीतही उशिरा का होईना जाग आली: २०१९ मध्ये आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने खास मोहीम उघडली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या कोरुंडा मेडिकल या संस्थेला ८५ हजार डॉलर भरावे लागले. तिने नोंद हव्या त्या स्वरूपात दिली नव्हती आणि वाजवीपेक्षा जास्त शुल्क लावले होते. नियम लागू झाल्यापासून सोळा वर्षांनी ही मोहीम सुरू झाली, हे विसरता येत नाही.

या इतिहासाचा मुंबईशी संबंध आहे, तो १९९६ या सालामुळे. क्लिंटन यांनी सही केली त्याच वर्षीच्या, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने गोपनीयतेची सबब फेटाळली, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केस पेपरची प्रत दिलीच पाहिजे असे सांगितले आणि तशी परिपत्रके सर्व डॉक्टर-रुग्णालयांना काढण्याचा आदेश कौन्सिलला दिला. प्रतीसाठी 'आवश्यक तो आकार' मागणे मात्र न्यायालयाने योग्य मानले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ मध्ये असाच हक्क देताना रास्त शुल्काची मुभा ठेवली होती. हक्काच्या बाबतीत मुंबईचा निकाल अमेरिकेच्या नियमापेक्षा सात वर्षे पुढे होता. पण 'आवश्यक' म्हणजे काय, हे त्यानंतर कुणी ठरवले नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने नोंदी तीन वर्षे जपायला आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायला सांगितले. दराबद्दल ती गप्प आहे. परिणामी सरकारी रुग्णालयातला कागद माहिती अधिकारात पानाला दोन रुपयांनी मिळतो आणि रस्त्याच्या पलीकडच्या खाजगी रुग्णालयात त्याच पानाला कायद्याने ठरवलेली किंमतच नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. त्या दरपत्रकात प्रतीच्या पानाचा दर आणि 'शोधण्याचे पैसे घेतले जाणार नाहीत' हे वाक्य जोडायला नव्या कायद्याची गरज नाही. शासनाने नियमात एक ओळ वाढवली तरी ते होईल.